नऊ नंबरचा पदार्थ

रविवार, २२ मार्च १९८१

दुपारी चार वाजून दहा मिनिटं. महिला मंडळाचा हॉल, भंडारा. वेळ भिंतीवरच्या आणि मनगटावरच्या, दोन्ही घड्याळांत बघून घेतली. उद्या कुणी "असं काही झालंच नाही" म्हणायला नको.

पाककृती स्पर्धा. प्रत्येकीचा पदार्थ पडद्याआड न्यायचा, तिथे तो पळसाच्या द्रोणांत वाढायचा, म्हणजे कुणाचं भांडं ते परीक्षकांना कळू नये. नियम चांगला आहे. मी काचेच्या भांड्यात थर लावून नेला होता. खाली बिस्किटं, वर फिकट हिरवा चक्का, वर संत्र्याच्या फोडी, पुन्हा तेच. बाहेरून एकेक थर मोजून घ्यावा असा.

पडद्यातून बाहेर काय आलं? द्रोणभर हिरवट, राखाडी लापशी. जनावराला सुद्धा वाटीत घालून देणार नाही अशी.

अध्यक्षा मालतीबाईंनी द्रोण नाकाशी नेला, शेजारणीला दाखवला आणि म्हणाल्या, "हिरवं पडलंय. बुरशी आहे." चाखलं कुणीही नाही. एक बोटसुद्धा नाही. उठून फळ्यावर खडूने लिहिलं: क्र. ९, नासलेला, बाद.

नंबर गुप्त, म्हणे. बर्फाचा डबा घेऊन सगळ्यांदेखत मीच तर आत गेले होते.

मागून कुणीतरी: "नर्सबाईचंच नासलं व माय!"

हशा. टाळ्यासुद्धा.

उभं आयुष्य जिल्हाभर हिंडले. आसगावला, सिहोऱ्याला, बपेऱ्याला. पाणी गाळा, उकळा, अन्न झाका. माशी बसलेली भाजी पोरांना देऊ नका. माझं नासलं?

जेवले नाही.

सोमवार, २३ मार्च

रात्री झोप नाही. वहिनी (माझ्या भावाची बायको. तो गेल्यापासून आम्ही दोघीच) सकाळी चहा घेऊन आली.

"ताई, काहून एवढं मनाले लावून घेऊन राहिल्या? स्पर्धाच तं होती."

"स्पर्धेचं नाही. त्या शब्दाचं आहे."

"कोनता शब्द?"

"नासलेला."

तिला कळतं. शेजारपाजारचं पहिलं बाळंतपण असलं की अजूनही मलाच बोलावणं येतं, आणि हात धुण्यावरून मी सासवांना सुद्धा सोडत नाही. उद्यापासून त्या सासवा काय म्हणतील ते मला आजच ऐकू येतंय.

आता हे सगळं सुरू कुठून झालं? लीनापासून. शाळेतली मैत्रीण, कॉन्व्हेंटात माझ्या शेजारच्या खाटेवर झोपायची. नवरा आसामात चहाच्या मळ्यावर. दिवाळीनंतर तिने हिरव्या चहाचं पुडकं पाठवलं. "दुधाशिवाय पी, तब्येतीला चांगला." प्यायले. धानाचा पेंढा भिजवलेलं पाणी. पण टाकवेना. मग शाळेतलं ट्रायफल आठवलं, थराथरांचं इंग्रजी गोड. सणाच्या दिवशी सिस्टर बेनेडिक्टा करायच्या. त्यांचं कस्टर्ड शिजवावं लागे. मला विस्तवच नको होता. म्हणून चक्का.

चहाची पत्ती संध्याकाळी माठातल्या पाण्यात टाकायची, सकाळी गाळायची. उकळायची नाही. उकळला की कडू होतो, थंड पाण्यात गोडसर उतरतो. त्यात बिस्किटं नुसती बुडवून काढायची. चमचाभर पत्ती खलात वाटून, फडक्यातून चाळून चक्क्यात. साखर, साय. संत्र्याच्या फोडींवरचं पांढरं साल आणि बिया काढायच्या, हे मात्र चिकाटीचं काम. पपई असली तर पपई. बर्फाच्या डब्यात धानाच्या भुशात तीन तास.

स्टोव्ह नाही. चूल नाही. काडीसुद्धा नाही.

बुधवार, २५ मार्च

आज खरी गोष्ट कळली.

मे महिन्यात मंडळाच्या हॉलमध्ये मुलींसाठी वर्ग घ्यायचा माझा अर्ज जानेवारीपासून पडून आहे. बिनविस्तवाचे पदार्थ. मालतीबाई "बघू, बघू" करत होत्या. आज भाजीबाजारात वहिनीला गाठून म्हणाल्या, "विमलबाईंना सांगा, यंदा जमायचं नाही. असं झाल्यावर आया मुली कशा पाठवतील? स्वच्छतेचा प्रश्न आहे."

स्वच्छतेचा प्रश्न! माझ्याकडे!

वर्ग कशासाठी हवा होता ते मालतीबाईंना अर्जात लिहिलं नव्हतं, आणि आता वाटतं लिहायला हवं होतं. दवाखान्यात स्टोव्हच्या भडक्याने भाजलेल्या मुली येत. नव्या सुना. नायलॉनचं पातळ, पंप मारताना पदर. पिशव्यांसारखे फोड आलेले हात मी धरलेले आहेत. प्रत्येक घरातला स्टोव्ह मला बंद करता येणार नाही. पण पाहुणे आले की दुपारी दोन वाजता, उन्हाळ्यात, पोरीने स्टोव्ह पेटवलाच पाहिजे असं कुठे आहे? चार गोष्टी तरी तिला अशा याव्यात की आग न लावता पाहुण्यापुढे मानाने ठेवता येतील. मानाने, हे महत्त्वाचं. नाहीतर सासू म्हणणार, सुनेने काकडी चिरून दिली.

म्हणून ते काचेचं भांडं. म्हणून ते थर. दिसायला हवं होतं.

आणि दिसलं काय, तर

जाऊ दे. उद्या.

शनिवार, २८ मार्च

द्रौपदा आली होती. मंडळात वाढपाचं काम करते, बाकीचे दिवस मालतीबाईंच्या घरी तांदूळ निवडते. तिच्या दोन्ही मुलींच्या वेळी मीच होते. आली ती निवडलेला हरभरा घेऊन, आणि बसली ती उठेचना.

मी विचारलंच. "द्रौपदा, पडद्यामागे काय झालं गं?"

"काय होते जी? वाढलं."

"माझं भांडं कसं वाढलंस?"

"तुमचं? हाव, तुमचं मले आठवते ना. बाई, तुमचं फाटलं होतं जी! खाली येक, वर येक, मंधात पिवळं. मले जीवावर आलं. म्हनलं, बाईनं एवढ्या दुरून आणलं, बर्फात ठेवलं, अन् वाटेत फाटून गेलं. मंग मीच रवी घेतली अन् मस्त घोटून देल्लं. बराबर येकजीव केलं!"

चेहरा असा की आता मी तिला शाबासकी देणार.

मला आधी राग आला. मग हसू. मग दोन्ही एकदम, आणि ठसका लागला. वहिनी पाणी घेऊन धावली.

खरं म्हणजे तिचं काय चुकलं? इकडे ताक असो, आंबील असो, भांड्यात वरखाली वेगळं झालेलं दिसलं की बाईचा हात रवीकडे जातोच. वेगळं झालं म्हणजे बिघडलं. मुद्दाम वेगळं ठेवलेलं खायचं असतं हे तिला कुणी सांगावं? मी सांगायला हवं होतं. भांड्यावर चिठ्ठी लावली असती तरी तिला वाचता कुठे येतं.

"द्रौपदा, ते फाटलेलं नव्हतं. तसंच असतं ते."

"तसंच? म्हंजे... मी..." आणि पदर तोंडाला.

सोमवार, ३० मार्च

पुरावा हातात आहे आणि वापरता येत नाही.

मालतीबाईंना लिहायचं, "तुमच्या वाढपिणीने माझा पदार्थ घोटला." सरळ आहे. खरं आहे. आणि दुसऱ्या दिवशी द्रौपदाचं तांदूळ निवडणं बंद. मालतीबाई स्वतःची चूक कधी एकटीने झेलायच्या नाहीत. कुणाच्या तरी डोक्यावर ठेवतील, आणि द्रौपदाचं डोकं सगळ्यात जवळ.

वहिनीला म्हटलं. ती तूर पाखडत होती.

"मंग नका लिहू तिचं नाव."

"नाव न लिहिता कसं सिद्ध करू?"

"तुमाले सिद्ध करायचं हाय का वर्ग घ्यायचा हाय?"

सूप आपटत राहिली. ही बाई चौथीपर्यंत शिकलेली, मी कॉन्व्हेंटची, आणि घरात वाद झाला की शेवटचं वाक्य मात्र नेहमी तिचंच. तीस वर्षं सहन करते आहे.

गुरुवार, २ एप्रिल

द्रौपदा पुन्हा. यावेळी रागावून. वहिनीने तिला माझी अडचण सांगितली असणार, पोटात काही ठेवत नाही.

"लिवा ना जी माझं नाव! मी का चोरी केली? घोटलं तं घोटलं. तोंडावर सांगते मी मालतीबाईले."

"काम गेलं तर?"

"जाईन तं जाईन." मग हळू आवाजात, "पर बाई, मले येकदा ते न घोटलेलं दावा. म्या पाह्यलंच नाही ना बराबर. भेवानंच घोटलं."

मला हे सुचलं कसं नाही? सगळं भांडण त्या पदार्थावरून, आणि तो अजून एकाही बाईने खाल्लेला नाही. फळ्यावरच्या शब्दाला मी शब्दाने उत्तर शोधत बसले.

ठरलं. पाडव्याला करायचा. काचेचे पेले. प्रत्येकीचा वेगळा, म्हणजे रवीचा प्रश्नच नको.

रविवार, ५ एप्रिल. पाडवा

सकाळी गुढी, पुरण. ते वहिनीचं खातं, आणि त्यासाठी चूल पेटली. दुपारी माझं खातं.

काल चक्का टांगला होता. संत्री आता शेवटची, अर्धी कोरडी निघाली. वहिनी म्हणाली खरबूज घाला. मी म्हटलं, खरबूज पाणी सोडतं. म्हणाली, फोडी आधी फडक्यावर पसरून ठेवा. ठेवल्या. बरोबर होतं. (इथे लिहिते. तिला सांगणार नाही.)

द्रौपदा वेळेवर. हात कोपरापर्यंत धुऊन, नखं काढून. मी न सांगता. तिच्याकडून थर लावून घेतले. पहिल्या पेल्यात बिस्किटं चहात इतकी ठेवली की चिखल. दुसऱ्यात बरी. तिसरा पेला तिने उजेडात धरला.

"बाई! लुगड्याच्या काठासारखं दिसते जी!"

मग चमचा घेऊन प्रश्न. "वरून खायचा का खालून?"

"सगळे थर एका चमच्यात आले पाहिजेत."

"म्हंजे तोंडात घोटायचं!"

वहिनी हसून हसून पाटावरून खाली.

चव? चक्क्याचं आंबटगोड, मग संत्रं, आणि सगळ्यात शेवटी तो चहा, जिभेच्या मागे, किंचित कडू, पाऊस थांबल्यावर धानाच्या बांधीतून येतो तसा वास. पहिल्यांदाच लीनाच्या चहाबद्दल चांगलं वाटलं. तिला कळवीन.

पाच वाजता एक पेला ओल्या फडक्यात गुंडाळून मालतीबाईंकडे. मी एकटी नाही, वहिनी बरोबर, पाडव्याच्या निमित्ताने. भांडायला आलेल्यालाही पाडव्याला कुणी दारातून परत पाठवत नाही.

सोमवार, ६ एप्रिल

काल लिहायला बसलेच नाही. आता नीट लिहिते.

मालतीबाईंनी पेला हातात घेतला, फिरवला. "हे तेच?"

"तेच. वाढण्याच्या पद्धतीत ते एकत्र झालं होतं. द्रोणात थर राहत नाहीत." द्रौपदाचं नाव नाही. वहिनीने माझ्याकडे बघितलं.

"आणि हे हिरवं?"

"चहा. बुरशी गोड नसते, चाखून बघा."

पहिला चमचा वरवरचा, परीक्षकाचा. दुसरा तळापर्यंत. वहिनी आपली पाऊसपाण्याचं विचारत राहिली, मालतीबाई "हं, हं" करत राहिल्या, आणि चमचा काचेवर वाजायला लागला. तळाला काही उरलं नसताना वाजतो तसा.

पेला खाली ठेवून, तोंड पुसून: "चवीबद्दल मी काही म्हटलंच नव्हतं."

"चाखलंच नव्हतं, तर म्हणणार काय?"

वहिनीने माझा पदर ओढला. मी थांबले. थांबले हे नोंदवून ठेवते.

"सभेत झालेलं सभेतच बदलेल," मालतीबाई म्हणाल्या. "तुम्ही लेखी द्या. मग कार्यकारिणी बघेल." आणि दारापर्यंत पोचवायला आल्या. त्या कुणाला पोचवायला येत नाहीत.

उंबऱ्यात, आवाज खाली आणून: "चहा कुठला म्हणालात?"

मी म्हटलं, वर्गात सांगेन.

बुधवार, ८ एप्रिल

द्रौपदाने गल्लीत काय सांगितलंय देव जाणे. आज चौघी मुली आल्या. एक शेजारचीच, ज्येष्ठात लग्न ठरलेलं. "नर्सबाई, ते काठाचं गोड शिकवून राहिल्या म्हंते?" काठाचं गोड! ट्रायफलपेक्षा हे नाव बरं. सिस्टर बेनेडिक्टा रागावल्या असत्या.

त्यांना म्हटलं, नखं दाखवा. दाखवली. दोघींना परत पाठवलं, काढून या म्हणून. आल्या.

वहिनीने पडवी झाडून घेतली आहे. मी सांगितलं नव्हतं.

पत्र लिहून झालं. द्रौपदा उद्या तांदूळ निवडायला जाईल तेव्हा देईल. म्हणाली, "माझ्याच हातानं देते, भेत नाही मी." तिला एकदा वाचून दाखवलं. तिचं नाव नाही म्हणून थोडी हिरमुसली. नक्कल इथे ठेवते.

मा. अध्यक्षा, महिला मंडळ, यांस.

दि. २२ मार्च १९८१ रोजी दुपारी ४ वाजून १० मिनिटांनी आपण माझा पदार्थ न चाखता फळ्यावर "नासलेला" असे लिहिले. तो नासलेला नव्हता. दि. ५ एप्रिल रोजी आपण तो स्वतः संपवला, त्याअर्थी आपलेही आता तेच मत असावे.

माझे म्हणणे एवढेच. एक, तो शब्द त्याच फळ्यावर, त्याच बायकांसमोर मागे घ्यावा. दोन, पुढच्या वर्षीपासून थरांचे पदार्थ त्यांच्याच भांड्यात परीक्षकांपुढे ठेवावेत. झालेल्या प्रकारात वाढणाऱ्या कुणाचाही दोष नाही, पद्धतीचा आहे. तीन, मे महिन्यातल्या वर्गासाठी हॉल द्यावा.

लेखी उत्तर शनिवार, दि. ११ एप्रिल रोजी सायंकाळी पाच वाजण्यापूर्वी माझ्या हातात पडावे. तोंडी निरोप स्वीकारला जाणार नाही, भाजीबाजारातला तर मुळीच नाही.

वर्ग होणारच आहे. तो आपल्या हॉलमध्ये व्हावा की माझ्या पडवीत, एवढेच आपण कळवायचे आहे.