मेणबत्तीजवळची बॅटरी

धम्मा,

मी सहाच्या जालना गाडीने निघाले. तू गाढ झोपला होतास, म्हणून उठवलं नाही.

नावेची बॅटरी आज चार्जिंगला लाव. बाबा गेल्यापासून दोन महिने तिला कोणी हात लावलेला नाही. थंडीभर अशीच पडून राहिली तर ती बसेल, आणि फेब्रुवारीत तू धरणावर नाव काढशील तेव्हा इंजिन सुरूच होणार नाही. आधी तिच्यातलं पाणी बघ. कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटर घाल, हापशीचं नको. टर्मिनलवर पांढरा थर आलाय, तो हातमोजे घालून पूस.

पण आहे तिथेच, बाबांच्या फोटोखाली, चार्ज करू नकोस. चार्ज होताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो आणि आई तिथे सकाळ-संध्याकाळ मेणबत्ती लावते. मी तिला म्हटलं, दोन दिवस स्वयंपाकघरात लाव. तर म्हणाली, "तुह्या बाबाले अंधारात ठेवू काय वं?" तू तिला पुन्हा सांगू नकोस. बॅटरीच मागच्या पडवीत ने आणि फळीवर ठेव.

दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी बाबांनीच ती नावेतून काढून त्या कोपऱ्यात ठेवली होती. फोटो नंतर आला. काल ती उचलायला मी दोनदा वाकले. जड होती म्हणून सोडली, असं आईला सांगितलंय. मी ती का नेली नाही, असं तिने विचारलं तर तूही तेच सांग.

ताई