अठरा की साडेसदतीस

६ जानेवारी, सकाळ
आजपासून ज्ञानदान सुरू. विद्यार्थी सयाजी, वय चव्वेचाळीस, मागच्या गल्लीतला, शिरोली एमआयडीसीत लोखंड ओतायच्या फाउंड्रीत हेल्पर. दहावी झाला की मालक सुपरवायझर करणार. बाकीचे विषय सुटलेत, गणितात दोनदा गचकला. कुठं अडतं म्हणून विचारलं, तर म्हणाला, "अपूर्णांक दिसला की पान उलटतोय सर." चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढली, तिथं कुणी मला सर म्हणालं नाही.
व्हाइटबोर्ड आणला. दहावीला मला गणितात ६८ होते. दोन महिन्यांत याला तयार करतो.

९ जानेवारी
x/2 + x/3 = 10 सोडवून दाखवलं. वरच्यात वरचं मिळवायचं, खालच्यात खालचं. 2x/5 = 10. म्हणून x = 25. सयाजी म्हणाला, "वतायच्या पळीतला, लॅडलमधला, अर्धा रस एका साच्यात, तिसरा हिस्सा दुसऱ्यात, मिळून धा किलो. सहा हिस्सं धरलं तर तीन आन् दोन पाच हिस्सं. पाचात धा, तर एकात दोन. लॅडल बाराची की."
अंदाजपंचे आणि बीजगणित यातला फरक त्याला समजावला. "व्हय सर" म्हणाला. माणूस नम्र आहे.

११ जानेवारी
माई (आमची सौ., अख्खी गल्ली तिला माईच म्हणते) चहा ठेवताना बोर्ड बघून म्हणाली, अर्ध्यात तिसरा हिस्सा मिळवल्यावर अर्ध्यापेक्षा कमी कसं होईल? म्हटलं, स्वयंपाकघर वेगळं, बीजगणित वेगळं. ती हसली. का, ते विचारलं नाही.

२ फेब्रुवारी
पुस्तकाच्या मागची उत्तरं चुकलीत. एक नाही, सात. हल्ली छपाईकडे कुणाचं लक्ष नाही. मंडळाला खरमरीत पत्र लिहिणार. मसुदा उद्या.

३ फेब्रुवारी
मसुदा झाला नाही.

२० फेब्रुवारी
पत्रासाठी पहिल्याच गणिताचा ताळा करायला बसलो. पंचवीसचे निम्मे साडेबारा. म्हणजे दहाच्या पुढे इथंच गेलो. अजून तिसरा हिस्सा बाकी.
परत केलं. परत साडेबारा. दुपारी झोप लागली नाही.
परीक्षा तेरा दिवसांवर आलीय. ऐन वेळी पद्धत बदलली तर माणूस गोंधळेल. तरी उद्या सांगतोच.

२१ फेब्रुवारी
सयाजीने काकवीची बाटली आणली आणि पाया पडला. अशा वेळी चुका काढणं बरं दिसत नाही. उद्या.

२४ फेब्रुवारी
उद्या नक्की.

५ मार्च, दुपार
पेपर झाला. शाळेच्या फाटकापाशी उभा होतो. सयाजी खुशीत बाहेर आला. म्हणाला, "सगळं तुमच्या पद्धतीनं लिवलंय सर." घरी येऊन ताट तसंच सारलं. काकवी बाधली असावी.

१६ मे
दोन मार्कांनी गेला. पेपर फार कडक तपासतात हल्ली, असं गल्लीत चौघांना सांगितलं. माई पाचवी.

२८ मे
सयाजीने उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली होती, ती घेऊन आला. x/2 + x/3 = 15. कोपऱ्यात कच्च्या कामात बारीक अक्षरात १८. त्यावर काट. खाली ठळक, चौकटीत, ३७.५. प्रश्न दोन मार्कांचा.
विचारलं, अठरा आलं होतं तर खोडलं का? म्हणाला, "तुम्ही रोज सकाळी सातला शिकवत हुतासा. तुमाला खोटं पाडून पास व्हायचं व्हय? मान राखाय पायजे की."
मला फार लाज वाटली. तोंडातून मात्र निघालं की पेपर लांबच होता. मालक पुरवणी परीक्षेपर्यंत थांबणार आहेत, त्यापुढे नाही.

३० मे
शेवटी सांगून टाकलं. पद्धत चुकीची होती, मला फेब्रुवारीतच कळलं होतं. सयाजी खाली बघत म्हणाला, त्याला जानेवारीतच कळलं होतं. म्हटलं, आता माईकडे शीक, तिला येतं. तर म्हणाला, "न्हाय सर. गुरू बदलत नसत्यात. सोमवारी सातला येतो." माई दारातच उभी होती. तिच्याकडे बघवलं नाही.
ते ६८ दीडशेपैकी होते. इथं लिहून ठेवतो, इथं कुणी वाचत नाही.

सोमवार, सकाळ
माईने मला ओट्यापाशी पाटावर बसवलं. भाकरीचे सारखे सहा तुकडे केले. तीन या ताटलीत, दोन त्या ताटलीत. एकत्र केले तर किती, म्हणाली. पाच, म्हणालो. पाच काय, म्हणाली.
मी तुकडे परत मोजायला घेतले.
सहा पन्नासला बेल वाजली. सयाजी आज लवकर आलाय.