गाऱ्हाण्याला मिळालेली ओ

प्रिय केयूर,

काल बांद्याच्या कॉलेजात आपल्या ‘काळो कातळ’ अल्बमला वीस वर्षं झाली म्हणून कार्यक्रम होता. मुलांनी सभागृह डोक्यावर घेतलं असं लिहिणार होते, पण तसं झालं नाही. तुझा रॅप ती गप्प ऐकत होती, आणि त्या एका जागी सगळी एकदम म्हणाली, “व्हय म्हाराजा.” माझ्या अंगावर काटा आला. वाढवून लिहीत नाही ना, म्हणून वाक्य पुन्हा वाचलं. खरंच आला.

मितेशच्या आंब्याच्या शेडमध्ये, पेंढ्याच्या भाऱ्यांआड आपण तो अल्बम केला, कारण पेंढा आवाज घुमू देत नाही. मितेश रिकाम्या पेटीवर ठेका धरायचा, मी रेकॉर्डिंग बघायची. जत्रेत तुझे अण्णा गाऱ्हाणं घालायचे, गावासाठी देवाकडे मागणं मागायचे, त्याच चालीवर तू म्हणालास, “बा देवा म्हाराजा, जो कोण मुंबयक गेलो, तेका घरची वाट दिसांदे.” आणि भिंतीपलीकडे पेट्या भरणाऱ्या बायकांनी हात न थांबवता “व्हय म्हाराजा” अशी ओ दिली. त्यांना रॅप ठाऊक नव्हता. गाऱ्हाणं कानावर आलं की होकार द्यायचा, एवढंच ठाऊक. पुन्हा रेकॉर्ड करायचं धाडस आपल्याला झालं नाही. ते आपण केलं असं मला आजही म्हणवत नाही. त्यांतली हौसाबाई मात्र तोऱ्यात सांगते, “माजो आवाज दुबयक पोचलो, मी अजून कणकवलीच्या पुढे जावक नाय.” आता बांद्याची गौरजा मालवणीत रॅप लिहिते. म्हणाली, आपल्या घरातली भाषा स्पीकरवर ऐकली तेव्हा पहिल्यांदा वाटलं, आपणही बोलावं.

तुझे अण्णा तेव्हा एवढंच म्हणाले होते, “चार बायकांनी व्हय म्हटल्यानी, म्हणजे ता गाऱ्हाणा झाला. तेचा गाणा कसला करतंस?” मग तुम्ही दोघं बोललाच नाहीत. ते चुकले होते का, याचं उत्तर मला अजून देता येत नाही. काल सभागृहात तर वाटलं, त्यांनाच ते आधी कळलं होतं.

श्रावणात अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली. जत्रा पुढच्या सोमवारी आहे. यंदा गाऱ्हाणं कोणी घालायचं, हे विचारायला मानकरी घरी आले, तेव्हा मी तिथेच होते. एकेक नाव घेतलं, अण्णा मान हलवत राहिले. मग डाव्या हाताने त्यांनी तुझ्या बहिणीचा, दीपिकाचा फोन मागितला. तिला कळलं, तिने ‘काळो कातळ’मधला तोच तुकडा लावला. तुझा आवाज आला तसा त्यांनी फोनवर तळहात ठेवला आणि मानकऱ्यांकडे बघितलं. “केयूरच घालतलो,” म्हणत मानकरी उठले. तुला कळवायचं काम माझ्याकडे आलं. यायचं नसेल तर माझ्याकडे निरोप देऊ नकोस. फोन करून अण्णांनाच सांग. त्यांना ऐकू सगळं येतं.

तुझीच,
शर्मिष्ठा