फादरभाऊंची घागर

प्रिय फादरभाऊ,

सर्वप्रथम एक गंभीर तक्रार नोंदवतो. तुमच्या निधनाच्या बातमीत लिहिलंय, की कार्डिनलसाहेबांना अनेक युरोपीय भाषा अवगत होत्या. आणि अहिराणी? माझ्या आईशी तासन् तास जी बोलत होतात ती काय लॅटिन होती? धुळ्यात बसल्या बसल्या मी संपादकांना खलिता लिहायला घेतला होता. मग पेन खाली ठेवलं, उठलो, फेऱ्या मारल्या, पुन्हा बसलो. शेवटी तुम्हालाच लिहितोय.

लिहायचं कारण आई. आखाजी, म्हणजे आपली अक्षय्य तृतीया, तोंडावर आली आहे, आणि तिनं चोपड्याहून फोनवर फर्मान काढलंय, की यंदा तुमच्या नावाची घागर भरायची. म्हटलं, "अगं, ते ख्रिस्ती. त्यांच्यात पितरांना घागर नसते." तर म्हणाली, "मना पोऱ्याच व्हता तो. त्यानी घागर आपुन नही भरसूत ते कोन भरी?"

बोला आता! मी संस्कृतचा प्राध्यापक, मला आधी गोत्राची चिंता. सुदैवानं शास्त्रात सोय आहे. ज्याचं गोत्र ठाऊक नाही, त्याचं काश्यप. तेव्हा महामहिम, तुम्ही आता काश्यपगोत्री झालात. रोमला कळवू नका.

वसईचे तुम्ही तरुण पाद्री, चोपड्याला आलात आणि आमच्या आबांकडे संस्कृत शिकायला बसलात, ते आठवतं? आबा शाळामास्तर, वर केळीचे शेतकरी. विभक्ती चुकली की तुम्हालाही तेच बोलणं, जे आम्हाला. मी आणि माझा थोरला भाऊ नाना आतून हसायचो. एकदा आम्ही भांडलो, तर आईनं भरीत कुटायला बसवलं. एकानं बडगी, म्हणजे भरताचं लाकडी पात्र, धरायची, दुसऱ्यानं कुटायचं. न बोलता कुटलं तर बोटं शाबूत राहात नाहीत. तुम्ही ओट्यावरून बघत होतात.

पुढे पोपचे दूत झालात. देशोदेशी हिंडलात. एका देशात लढाई चालू होती, दोन्हीकडचे सेनापती एका खोलीत यायला तयार नव्हते. तुम्ही त्यांना शेजारशेजारच्या खोल्यांत बसवलंत, आणि मीठदाणी एकच ठेवलीत! "तिसऱ्या जेवणाला एकानं स्वतः उठून मीठ मागितलं," असं तुम्ही सांगितलंत, तेव्हा आई म्हणाली, "मंग? उपाशी कितला दिन ऱ्हातीन?" आणि तुम्ही लाल टोपीचे कार्डिनल, मांडीवर थाप मारून हसलात.

मग आमचंच का नाही मिटवलंत हो?

आबा गेले, शेताचे दोन भाग झाले, विहीर एकच राहिली. माझा वाटा मी बटईनं दिला. ऐन उन्हाळ्यात बटईदारानं नानाच्या पाण्याच्या पाळीत मोटर चालवली आणि नानाची केळी करपली. मी धुळ्यातून फोनवर त्याला न्याय शिकवला. त्यानं फोन ठेवला, तो ठेवलाच. तेव्हापासून आबांची घागर दोन घरी भरते. आबा बहुधा दोन्हीकडे जेवत असावेत.

तुम्हाला रोमला फोन करून म्हटलं होतं, "फादरभाऊ, नानाला समजवा. तुमचं ऐकेल."

"ऐकेल रे. चहासुद्धा पाजेल. पण माझं त्याच्याशी भांडण कुठंय? तू जा."

दोन सेनापतींसाठी खोल्या सजवणाऱ्या माणसानं आम्हाला एवढंच द्यावं? राग आला होता. अजून थोडा आहे. कारण मी गेलो नाही, आणि आता पुन्हा विचारायला तुम्ही नाही.

आईची अट ऐका. तुमची घागर एकच. पाणी त्याच विहिरीचं. आणि ती दोघा भावांनी मिळून उचलून आणायची. मी विचारलं, "नानाला सांगितलंस?" म्हणाली, "सांगं." "मग काय म्हणाला?" "काहीच नही. घागर घासीसन ठेयी त्यानी."

याचा अर्थ काय लावायचा? घासली म्हणजे येणार? की आईनं सांगितलं म्हणून नुसतीच घासली? भाष्यं शिकवून जन्म गेला, पण या एका घागरीचा अर्थ मला लागत नाही. झोप नाही. वर्गात शिकवताना मध्येच थांबतो, पोरं एकमेकांकडे बघतात.

तुम्हाला शब्द देतो. आखाजीला सकाळीच विहिरीवर जाईन. न्याय शिकवणार नाही, पाळीचा विषय काढणार नाही. नाना येईपर्यंत थांबेन. नाही आला, तर त्याच्या दारात जाऊन बोलावीन. मग उंबऱ्यावर पितरांच्या नावानं कुंकवाची बोटं उमटतात, त्यात आबांच्या बोटाशेजारी तुमच्या नावाचं बोट उमटेल.

आता खरं सांगतो. आई फार थकली आहे. ती गेल्यावर नानानं आणि मी एकमेकांना हाक मारावी, असं एकही कारण मला सापडत नाही, फादरभाऊ. मला त्याची भीती वाटते.

तुमचा,
आबांचा धाकटा