कोपरा कापलेलं पत्र

॥ श्री ॥
बर्मिंगहॅम,
२० ऑक्टोबर १९४०

ती. दादास इंदिरेचा शि. सा. न. वि. वि.

तुझं श्रावणातलं पत्र काल पोचलं. तिकडे इंदुरीत चकलीची भाजणी दळून आली असेल, आणि मी इथे तुमची नारळी पौर्णिमा वाचतेय!

आमची वस्ती कशी आहे, असं आईने विचारलंय. शहराची बस जिथे संपते तिथे आम्ही राहतो. साठ घरं, सगळी एका साच्यातली. पहिल्या महिन्यात मी भाजीची पिशवी घेऊन शेजारच्या मिसेस हॅरिसच्या दारात किल्ली फिरवत उभी होते. बाई पडद्याआडून बघत होत्या, पण दार उघडून चूक सांगतील तर शपथ! इथे कुंपणाची झुडपं सुद्धा सरळ रेषेत कापावी लागतात, नाहीतर लोक नाकं मुरडतात. आता मागच्या बागेतले गुलाब उपटून पत्र्याची खोली जमिनीत पुरलीय. विमानहल्ल्याचा भोंगा झाला की तीत जाऊन बसायचं. हे कारखान्यातून घरी येईपर्यंत जीव टांगणीला लागतो.

पण दादा, मला बॉम्बपेक्षा रजनीची काळजी जास्त. चार वर्षांची पोर आईच्या ओटीत टाकून आले, यांचं दोन वर्षांचं शिक्षण संपलं की परत येऊ म्हणून. आता लढाईमुळे बोटीत जागा मिळत नाही, आणि ती सहाची झाली. माझा चेहरा तिला आठवतो का रे? खरं लिही, माझं मन राखायला लिहू नकोस. नेहमीसारखी झाडाची पानं घातलीत, तिला दे.

आईला नमस्कार, नंदावहिनीला आठवण. तुमची माया अशीच दाट राहो.

तुझी इंदू


इंदुरी,
१७ फेब्रुवारी १९४१

केशवराव किंवा इंदू, हे पत्र जे कुणी उघडेल त्यास इंदूच्या दादाचा, बाळचा नमस्कार.

'चि. सौ.' लिहायला हात धजत नाही. काल तळेगावहून तार केली आहे. उत्तर येईपर्यंत बसवत नाही म्हणून लिहितो.

परवा मी शाळेत शिकवायला गेलो होतो आणि नंदा धुणं घेऊन नदीवर गेली होती. नथू पोस्टमनने विलायतेचा लखोटा आईच्या हातात दिला. आईला अक्षरओळख नाही, पण आतलं झाडाचं पान रजनीला द्यावं म्हणून ती पाकीट ओट्यावरच फोडते. कागद उलगडला तर वरचा कोपरा नाही! मयताच्या पत्राचा कोपरा फाडतात, तिला तेवढं पुरलं. असलं पत्र उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही, म्हणून तिने त्याचे तुकडे केले आणि थेट इंद्रायणीत सोडले. माझी इंदू गेली, असा तिने टाहो फोडला तो रजनीने ऐकला. मग आजी-नातीने डोक्यावरून पाणी घेतलं.

मी आल्यावर नथूला गाठलं. तो शपथेवर सांगतो की म्या न्हाई फाडलं, पाकिटाला कडंनं चिठ्ठी चिकटवल्याली हुती, आतलं मला काय ठावं. तेव्हा वाटलं, लढाईमुळे पत्रं उघडून वाचणाऱ्या सरकारी तपासनिसाची कात्री असेल. आईला तसं म्हणालो, तर म्हणाली की सरकारला कापायला नेमका कोपराच बरा सापडला! वर्तमानपत्रात तुमच्याच शहरावरच्या बॉम्बच्या बातम्या आहेत. मग माझाही धीर सुटला.

घरात सुतक धरलंय, आणि कुणाचं धरलंय ते ठाऊक नाही. रजनी मला विचारते की आजी म्हणते ते खरं का. नाही म्हणावं तर कशाच्या जोरावर म्हणू?

जे कुणी असाल ते उत्तर द्या.

बाळ


॥ श्री ॥
८ जून १९४१

ती. दादास सौ. इंदिरेचा शि. सा. न. वि. वि.

सौ. मुद्दाम लिहिलंय, आणि गावाचं नाव मुद्दाम गाळलंय. तुझं पत्र आत्ता कुठे हातात पडलं. दोघेही खुशाल असल्याची तार मी तेव्हाच केली होती, तरी हे पत्र दोनदा वाचलं. हे शेजारी धडधाकट बसलेले, आणि मी त्यांचा हात धरून रडतेय!

तुझी तार आली तेव्हाचं ऐक. इथे दारात तारवाला आला की त्या घरातलं कुणी गेलं असं समजतात. तो आमच्या फाटकाशी थांबला तशी सगळ्या रस्त्याचे पडदे हलले. अडीच वर्षांत ज्यांनी आमचा उंबरा ओलांडला नाही, त्या मिसेस हॅरिस चहाची किटली घेऊन माझ्याआधी रडत आल्या. तेव्हा आपली आईच एकटी वेडी नाही हो.

चूक माझीच. जागा संपली की ता. क. वरच्या कोपऱ्यात खुपसायचा ही आपल्या घरची खोड. दिवाळीआधीच्या त्या पत्रात मी मेलीने तिथेच बॉम्ब कुठे पडला आणि कुठला कारखाना जळाला ते मोठ्या हुशारीने लिहिलं. तेवढंच तपासनिसांनी कापलं. आईला रागावू नकोस.

पण रजनीला पुढे काय सांगितलंत? तारेनंतरचं तुमचं एकही पत्र मला नाही. तिला पुन्हा पुन्हा सांग की मी आहे आणि येणार आहे. तिच्या हातच्या दोन ओळी पाठव. काय लिहायचं ते तू सांगू नकोस.

सगळ्यांवर जीव आहे, तुमचाही माझ्यावर असू दे.

तुझी इंदू


॥ श्री ॥
इंदुरी,
१४ सप्टेंबर १९४१

चि. सौ. इंदूस अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझी तार बाराव्या दिवशी आली. आईने मारुतीला नारळ फोडला. मी रजनीला उचलून सांगितलं की तुझी आई आहे. ती कडेवरून उतरली, अंगणात जाऊन बघून आली, आणि म्हणाली की नाहीये तिथे. मग म्हणाली की आजी वेगळं म्हणाली होती, तुम्ही मोठी माणसं काहीही सांगता. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही.

त्या बारा दिवसांत ती नंदाच्या कुशीत शिरली ती अजून तिथेच आहे. नंदाला आई म्हणते. मी दोनदा दटावलं, तर नंदाच रडू लागली. तिला मूलबाळ नाही, इंदू. तिला मी काय बोलू? खरं लिही म्हणालीस म्हणून लिहिलं, लिहिताना फार जड गेलं. मिळेल त्या बोटीने ये.

रजनीच्या ओळी सोबत आहेत. मी फक्त शेवट कसा करतात ते सांगितलं.

तुम्हां दोघांना उदंड आयुष्य चिंतणारा,
दादा


सौ. इंदिराबाई यांस रजनीचा नमस्कार.

तुमची पानं मिळाली. मामा म्हणतो तुम्ही मेला नाहीत. बरं झालं. माझ्या आईला ताप आला होता, तो उतरला. आमच्या गाईला कालवड झाली आहे. तुम्ही आलात तर दाखवीन.

लोभ असावा, असं मामा लिहायला सांगतो.

रजनी