दुसऱ्या गोलकीपरचा लाडू

८ एप्रिल, बुधवार
कुंदा, लेकी, ही रोजनिशी माझी, पण शेवटी वाचणार तूच. म्हणून आधीच सांगून ठेवते, नाहीतर परवासारखं फोनवर विचारशील, "तन्वीचं बास्केटबॉल कसं चाललंय?" फुटबॉल गं. कॉलेजच्या मुलींची टीम. तुझी भाची गोलकीपर आहे. मला अक्षर येत नाही तरी सगळं लक्षात राहतं, आणि तू बी.ए. झालीस.
मी सांगते, सूनबाई मेधा लिहिते. बिचारी ऑफिसातून दमून येते, म्हणून आज थोडक्यात. हरलो. चार-शून्य. सकाळी हातावर दहीसाखर घातली होती तरी.

११ एप्रिल, शनिवार
तन्वी (मेधा पुढे नुसतं त. लिहिते) दोन दिवस खोलीत, दार लावून. आज जेवताना इकडच्या पोरींसारखं lah लावत म्हणाली, "आजी, we are the worst lah. सोडते मी."
यंदा एकही मॅच जिंकलेली नाही. एक गोलसुद्धा नाही. पण हिच्याशिवाय दुसरी गोलकीपरही नाही. हिने सोडलं की टीम स्पर्धेतून बाहेर, आणि मग पुढच्या वर्षी कॉलेज कशाला ठेवतंय टीम. कोचने सांगितलंय, शेवटच्या मॅचच्या आधी काय ते नक्की सांग. मध्ये बुधवारची एक आहे, तेवढी खेळणार म्हणे.
तिच्या बाबाचा, सचिनचा, बोटीवरून फोन. "अभ्यास कर म्हणावं तिला." इंजिनरूममधून याला एवढंच दिसतं.
मेधा म्हणाली, "आई, तिचं तिला ठरवू दे." बरं. मी काही बोलले नाही.
(मेधाने पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं. बरं, थोडं बोलले.)

१५ एप्रिल, बुधवार
आज हसून हसून पोट दुखतंय. पण क्रमाने सांगते.
निघताना दहीसाखर पुढे केली तर त.ने हात मागे घेतला. "नको आजी, त्याने काही होत नाही." हे मला लागलं. मग राजगिऱ्याचे लाडू डब्यात घेतले. तू पाठवलेल्यातले शेवटचे.
हौगांगचं मैदान. मेधाने अर्धी रजा टाकलेली. गोलकीपरचा शर्ट बाकीच्यांहून वेगळा असतो, पिवळाजर्द, त्यामुळे माझ्या डोळ्यांनाही त. दिसते. तिच्या गोलच्या खांबाजवळ छत्री उघडून बसले. दोन गोल खाल्ले तिने, पण अडवले कितीतरी. मध्यंतरात मेधाला ऑफिसचा फोन, ती लांब गेली. मी तिथेच.
पुन्हा खेळ सुरू झाला. पिवळा शर्ट समोर. मी ओरडतेय, "शाब्बास गं माझी वाघीण!" बॉल बाहेर आला, ती आणायला माझ्यापाशी आली, मी लाडू पुढे केला. तिने हातमोज्यांसकट दोन्ही हातांनी घेतला आणि मान लववली. तेव्हाच संशय यायला हवा होता. आमची तन्वी कधी मान लववते?
मग त्या पोरीने सगळं अडवलं. सगळं. मी टाळ्या वाजवतेय. मेधा धावत आली, "आई, आई, ती दुसरी आहे!"
मध्यंतरानंतर बाजू बदलतात हे मला कोणी सांगायचं? आमची तन्वी तिकडे दुसऱ्या टोकाला. हरलो, तीन-शून्य.
सेंगकांगला घरी परत येताना त. माझ्या शेजारी बसली. मग एकदम म्हणाली, "आजी, तू तिला लाडू दिलास?" आणि जी हसायला लागली, डोळ्यांत पाणी. LRT गाडीतली माणसं बघत होती. महिन्याभराने हसली असेल.

१६ एप्रिल
काल सांगायचं राहिलं. ती पोरगी, हुई मिन नाव, मॅचनंतर लाडवाचे आभार मानायला आली. त.ला म्हणाली, तुझ्यावर इतके बॉल येतात, तरी दर वेळी उठतेस कशी? माझ्याकडे दिवसभरात चार येतात, मला कंटाळा येतो. कोपऱ्यातला तो अडवलास तो शिकव.
त.ने हे मला जेवताना सांगितलं. सहज सांगितल्यासारखं. दोनदा सांगितलं.

१८ एप्रिल, शनिवार
सोडणार की नाही, अजून बोललेली नाही. मी विचारत नाही. (मेधा, लिही, खरंच नाही विचारलं.)
ती पोरगी आज आली होती. दोघी खाली ब्लॉकपाशी गवतावर उड्या मारत होत्या, कोपर सोलून आल्या. मी हळद लावायला गेले तर त. म्हणे, "हिला आधी लाव."
हातमोजे धुऊन खिडकीच्या दांडीवर टाकलेत. सोडायचं असेल तर कोण धुतं?

२१ एप्रिल, मंगळवार
उद्या शेवटची मॅच. समोरची टीम म्हणे यंदा कोणाकडून हरलेली नाही. मेधा म्हणते फार आशा ठेवू नका. मी ठेवलीय, एका गोलाची. तेवढी मागायला काय जातं.
कोचला फोन केला का, ते त.ने सांगितलं नाही. पण मघाशी स्वयंपाकघरात आली.
"आजी, उद्या कुठे बसणार तू?"
"तुझ्याजवळ."
"मग हाफटाइमला उठून दुसरीकडे यायचं हं. चालायला लागेल."
"येईन."
ओट्यावरच्या दह्याच्या भांड्याकडे बघून गेली. आता लावलंय विरजण, सकाळी बघू हात पुढे करते का.
हुई मिनही येणार आहे बघायला. तेव्हा कुंदा, विसरू नकोस, चिपळूणहून कोणी इकडे येत असेल तर राजगिऱ्याचे लाडू पाठव, गुळातले, घट्ट वळलेले. मागच्या वेळेसारखे नुसते डबाभर नको. दोन्ही बाजूंना पुरतील एवढे पाठव.