सत्तावीस जणांच्या जोड्या

३ सप्टेंबर

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर मी सगळं छान आहे म्हणते, कारण आई शेजारी असते. हॉटेलच्या चादरी धुऊन आलेली, पाय सुजलेले. तिच्यासमोर काय बोलणार? म्हणून हे पत्र.

या देशात येऊन चार महिने झाले. शाळेत मला कुणी छळत नाही गं. नुसती मी कुणाच्या खिजगणतीत नसते. वर्गात आम्ही सत्तावीस जण. बाई जोड्या करा म्हणाल्या की बाकं सरकतात, खिदळणं होतं आणि मी उरते. मग बाई प्रेमानं म्हणतात, तू माझ्याबरोबर बस. त्या प्रेमाचाच जास्त राग येतो. हजेरीत माझ्या नावापाशी त्या अडखळतात, सगळे वळून बघतात, म्हणून मी आधीच हात वर करते. काही बोलायचं म्हणून मनात वाक्य जुळवेपर्यंत विषय तिसरीकडेच पोचलेला असतो. संध्याकाळी जबडा दुखतो, तोही न बोलता. आहे की नाही गंमत?

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
ठकी

१९ सप्टेंबर

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मधल्या सुट्टीत वाचलं, पुढच्या तासाला वर्गावर गेले, तर शेवटच्या बाकावरची मुलगी दिसली. म्हणजे ती वर्ष सुरू झाल्यापासून तिथेच आहे. बाप फरश्या बसवतो, कामामागे फिरत इकडे आले. आपली भाषा तिला धड येत नाही. तिच्या प्रगतिपुस्तकात मीच लिहिलंय : शांत मुलगी, त्रास नाही. बावीस वर्षं शिकवतेय, आणि अक्कल ही!

मग आणखी घोळ घातला. तिला उभं केलं आणि वर्गाला विचारलं, हिची मैत्रीण कोण होणार? एकही हात वर झाला नाही. पोरगी बुटांकडे बघत राहिली. मला जेवण गेलं नाही.

तुला चार शब्द सांगायला बसले होते, पण मलाच विचारायचंय. तुझ्या बाईंनी काय केलं असतं तर तुला बरं वाटलं असतं? आणि आईपासून लपवू नकोस. मी चुगली करणार नाही.

तुझी,
ओशाळलेली मावशी

६ ऑक्टोबर

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

अगं, हात कसले वर करायला लावतेस! मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. ऐक. तिला उभं करू नकोस. जोड्यांची यादी घरूनच करून आण, सगळ्यांची. जिला ढीगभर मैत्रिणी आहेत तिच्याबरोबर देऊ नकोस, ती पाठ फिरवून बसते. बोलायचं काम नको, हातांचं दे. कीव करू नकोस. चुकली तर रागव.

आईला सांगितलं. रागावली नाही, रडलीही नाही. म्हणाली की तीही चादरींच्या खोलीत एकटीच जेवते, कारण बाकीच्या बायका हसल्या की तिला वाटतं, आपल्यालाच हसल्या. मग आम्ही दोघी तशाच बसून राहिलो. दिवा लावायचंही त्राण नव्हतं.

दमलेली,
ठकी

२८ ऑक्टोबर

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

तू सांगितलंस तसं केलं. मैदान मोजून नकाशा काढायला दिला, तिला एका तुसड्या मुलीबरोबर बसवलं. दोन आठवडे दोघींत शब्द नाही. मी हात टेकले होते. काल ती तरातरा माझ्या टेबलापाशी आली आणि मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाली की तिचंच माप बरोबर आहे, जोडीदारीण ऐकत नाही, वर पट्टी ओढून घेते. मागोमाग दुसरी, उलटी तक्रार घेऊन. अशा भांडल्या की शेजारच्या वर्गावरचे सर डोकावून गेले. मी दोघींनाही सारखंच झापलं. सुट्टीत बघते तर दोघी दोरी धरून मैदान पुन्हा मोजतायत, अजून भांडतच!

तुझी विद्यार्थिनी,
मावशी

१७ नोव्हेंबर

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. भांडणापाशी ती इतकी हसली की ठसका लागला.

मीही बाईंना सांगितलं, जोड्यांची यादी तुम्हीच करा. वाक्य आदल्या दिवशी पाठ केलं होतं. त्यांनी वहीत लिहून घेतलं. आता यादी लागते. माझी जोडीदारीण चांगली आहे. मी म्हणेन त्याला मान डोलावते, तास संपला की आभार मानते आणि जाते.

माझ्याशी अजून कुणी भांडलेलं नाही.

लोभ इथवर पोचतोय, तो आटू देऊ नकोस.
ठकी